८०० मीटर, चहा आणि माझं ९.४

आमच्या भागात बारावी झालेली पोरगी घरी राहिली की दोनच गोष्टी होतात, एकतर स्थळं यायला लागतात नाहीतर ती पहाटे ग्राउंडवर दिसायला लागते. मी पोलीस भरतीसाठी ग्राउंडवर दिसायला लागले. बार्शी तालुक्यातलं गाव, शाळेचं मैदान, एका टोकाला बाभळ. सुतळीने मोजलं तर एक राऊंड १६० मीटर भरला, म्हणजे पाच राऊंड मारले की ८०० मीटर. जून २०२३ मध्ये पहिल्यांदा पाच राऊंड मारले तेव्हा मोबाईलवर ४ मिनिटं ५ सेकंद आली आणि बाभळीखाली जाऊन उलटी केली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर २० मार्काला, १०० मीटर १५ मार्काला आणि ४ किलोचा गोळा १५ मार्काला असतो. एकूण ५०, यालाच आम्ही ग्राउंड म्हणतो, त्यातले निम्मे तरी पडलेच पाहिजेत तर पुढे लेखी परीक्षेला. ८०० मध्ये पूर्ण २० पाहिजेत तर २ मिनिटं ५० सेकंदात यावं लागतं. वरच्या टप्प्यात दहा सेकंद गेले की दोन मार्क गेले. आणि मेरिट अर्ध्या मार्काने हुकलेल्या मुली मी डोळ्यांनी बघितल्यात.

दोन महिन्यांनी मी शहरातल्या एका अकॅडमीत गेले. तिथले सर फौजेतून रिटायर झालेले, माणूस वाईट नाही, पण त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर होतं, अजून पळा. साडेचारला शिट्टी, डांबरी रोडवर पाच किलोमीटर जमेल तेवढ्या जोरात, मग ग्राउंडवर येऊन ८०० टायमिंग लावून, मग परत ८००. रोज. रविवारी पण. पहिले दोन महिने फरक पडला, खोटं कशाला बोलू, ३:२४ पर्यंत आले. सगळ्यांचंच येतं, कारण न पळणारा माणूस पळायला लागला की शरीर सुरवातीला काहीपण केलं तरी सुधारतं. त्यानंतर मात्र घड्याळ गोठलं. ऑक्टोबर ३:२४, नोव्हेंबर ३:२२, एक दिवस ३:३१. सर म्हणायचे दम कमी पडतो म्हणजे मेहनत कमी पडते. मी खरं मानलं आणि संध्याकाळचं पण पळायला सुरवात केली.

त्याचं बक्षीस म्हणून नडगी धरली. डाव्या पायाची नडगी, आतल्या बाजूने घोट्यापासून वर वीतभर, सकाळी पहिलं पाऊल टाकलं की कळ. आधी पळायला लागलं की दहा मिनिटांनी थांबायची, मग थांबेनाच. सर म्हणाले दुखतंय म्हणजे हाड तयार होतंय. रूममेटने हळद गरम करून लावली. डिसेंबरात जिना उतरताना रेलिंग धरायला लागलं तेव्हा हाडाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बोटाने दाबत दाबत पूर्ण पट्टी तपासली आणि म्हणाले सगळीकडे पसरून दुखतंय तर हाडावरची सूज दिसतेय, पण जर एकाच बोटभर जागेवर टचकन दुखायला लागलं, रात्री झोपेत पण ठणकलं, तर लगेच ये, ती चीर असू शकते. एक्स-रे साफ आला तर मी खूश झाले, तेव्हा त्यांनीच सांगितलं की नवी चीर पहिले काही आठवडे एक्स-रेत दिसतेच असं नाही. तीन आठवडे पळणं बंद. सायकल चालव, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली कर, आणि डांबर सोड. माझे बूट बघून ते हसले. बाजारातले साडेचारशेचे, तळ एका बाजूने पूर्ण झिजलेला. नवीन २४०० चे घेतले, पैसे आईने भिशीतून दिले, त्यावर घरात काय झालं ते लिहीत नाही.

आता खरी गोष्ट. तीन आठवडे पळाले नाही, नडगी शांत झाली, माणूस ताजातवाना व्हायला पाहिजे ना? तर अभ्यासिकेचा दोन मजली जिना चढताना मला धाप लागत होती. तीन आठवडे आराम करून! रात्री आडवं पडलं की छातीत धडधड कानात ऐकू यायची, केस तर विंचरायला भीती वाटायची. आणि एक गोष्ट जी मी कुणाला सांगितली नव्हती, मेसच्या मावशींना तांदूळ निवडू लागायला मी बसायचे ते मदत म्हणून नाही, मूठ-मूठ कच्चे तांदूळ खायला मिळायचे म्हणून. त्याच्या आधी गावात पाटीवरची पेन्सिल खायचे. वास आला तरी तोंडाला पाणी सुटायचं.

जानेवारीत खोकल्यासाठी सरकारी दवाखान्यात गेले होते. तिथल्या मॅडमनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि खोकल्याचं सोडून विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का गं?" मला वाटलं हिला मेसच्या मावशीने फोन केला की काय. मग पाळी किती दिवस चालते, किती जाते, सगळं विचारलं. सात दिवस चालायची, पहिले तीन दिवस तर काय विचारू नका. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं.

रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ९.४. बाईचं बारापेक्षा कमी म्हणजे रक्त कमी. लाल पेशी पण आकाराने बारीक. त्यांनी बाहेरून फेरिटिन पण करायला लावलं, म्हणजे शरीराच्या कोठारात लोह किती शिल्लक आहे ते, कारण बारीक पेशी थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजारात पण दिसतात आणि तिथे लोहाच्या गोळ्या देऊन उपयोग नसतो. माझं कोठार झाडून पुसून रिकामं होतं. मॅडम म्हणाल्या, तू पळतेस कशावर?

मला समजलं ते असं की ८०० मीटर हे दिसतं जोराचं पळणं पण तीन मिनिटांच्या आसपास चालणाऱ्या या शर्यतीत अर्ध्याहून जास्त काम ऑक्सिजनवर चालतं. हवा छातीत येते, तिथून रक्तातल्या लाल पेशी ती मांड्यांपर्यंत नेतात. विहिरीत पाणी आहे, मोटर पण दणदणीत, आणि पाइप करंगळीएवढा, तर उसाला पाणी मिळणार कसं? मी चार महिने मोटरलाच शिव्या देत होते. आणि मी काय एकटी नव्हे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालंय. आमच्या अकॅडमीत ३० मुली होत्या, अंदाज करा. पण फी घेताना उंची मोजतात, रक्त कुणी मोजत नाही.

मॅडमनी दिवसभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं. लिहिल्यावर मलाच लाज वाटली. साडेचारला चहा-बिस्किट. ग्राउंडवरून आल्यावर चहा. दहाला मेसची चपाती, बटाटा, आणि सोबत चहा, कारण आमच्या घरी जेवणासोबत चहा असतोच, आई भाकरी चहात कुस्करून खाते. चारला चहा. रात्री भात आणि तळ दिसेल अशी आमटी, आणि तीही अर्धीच कारण वजन कमी तर पळायला हलकं असा सगळ्या पोरींचा समज. वरून व्हिडिओत बघून भिजवलेले दहा बदाम, ते मात्र नेमाने. वजन ४९ किलो आणि प्रोटीन हिशोब केला तर ३५ ग्रॅमच्या वर जात नव्हतं.

चहाचं प्रकरण असं आहे की त्यातलं टॅनिन जेवणातल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते रक्तात जाऊ देत नाही. दिवसातून चार वेळा मी चहाच पीत होते. मॅडम चहा सोडू नको म्हणाल्या, जेवणाच्या आणि त्यांनी दिलेल्या लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर दीड-दोन तास पिऊ नको. ऐकायला सोपं वाटतं. पहिले आठ दिवस डोकं इतकं दुखलं की त्यापेक्षा नडगी बरी होती.

गोळी लिंबूपाण्यासोबत रिकाम्या पोटी. दुधासोबत नाही, आपल्याकडे सगळ्या गोळ्या दुधासोबत घ्यायची सवय असते. पहिल्या आठवड्यात मळमळ, मग मॅडमनी जेवणानंतर घ्यायला सांगितली. शौचाला काळं झालं तर घाबरून रडले, कुणी सांगितलंच नव्हतं की लोहाच्या गोळीने असं होतं. पोट पण धरतं, रात्री भिजवलेले मनुके आणि भरपूर पाणी यावर निभावलं. जंताची एक गोळी पण दिली. महिन्याने १०.८, एप्रिलच्या सुरवातीला १२.३. मी गोळ्या बंद करायला निघाले तर मॅडम ओरडल्या, नुसतं रक्त भरलंय, कोठार भरायला अजून तीन महिने लागतील. पाळीसाठी वेगळी औषधं दिली त्याने तिकडचं गळणं पण कमी झालं. मी हे सगळं सांगतेय म्हणून कुणी मेडिकलमधून थेट गोळ्या आणून गिळू नका, आधी रक्त तपासा.

खाणं बदललं पण महागडं काही नाही. मेसच्या मावशींना पैसे वाढवून दिले आणि दिवसाला चार अंडी उकडून घ्यायचे, पिवळं काढून टाकायचं नाही. ५० ग्रॅम सोयाबीन वड्या, वाळलेल्या असताना मोजून, त्यात २५ ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं आणि किंमत काय तर बिस्किट पुड्याएवढी. मटकी, हुलगे, त्यावर लिंबू पिळून. घरून शेंगाची चटणी आणि बाजरीच्या भाकरी यायच्या, रविवारी मावशीकडे कलेजी. थंडीत आईने अळिवाचे लाडू केले. पालक खा पालक खा सगळे सांगतात, पण पाल्यातलं लोह अंगाला फार थोडं लागतं, नुसत्या पालेभाजीवर ९.४ चं १२ होत नाही. ते कलेजीने आणि गोळीने होतं.

माझ्या रूममेटची पाळी चार महिने आली नव्हती. आणि आम्ही सगळ्या तिला नशीबवान म्हणायचो, ग्राउंडला अडचण नाही म्हणून! ती रात्रीचं जेवायचीच नाही. मॅडमना सहज सांगितलं तर त्या गंभीर झाल्या, म्हणाल्या शरीराला खर्चाएवढं अन्न मिळत नसलं की ते पहिलं हे दुकान बंद करतं, आणि मग हाडं ठिसूळ होतात. तिला धरून दवाखान्यात नेली. तिची गोष्ट तिची आहे, इथे नको.

पळण्याचं मात्र दवाखान्यात कोण सांगणार. मी अकॅडमी सोडून गावी आले आणि आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंकडे गेले. बाई स्वतः कॉलेजात ८०० पळायच्या. त्यांनी आधी माझं टायमिंग तुकड्यात लावलं, पहिले ४०० मीटर १ मिनिट १६ सेकंद, दुसरे ४०० दोन मिनिटांच्या वर. "तू दोन शर्यती पळतेस," म्हणाल्या, "एक चोर पळतो तशी आणि एक लग्नातून जेवून आल्यासारखी." २:५० पाहिजेत तर प्रत्येक ४०० ला ८५ सेकंद, २०० ला साडेबेचाळीस. बास. पहिल्या ४०० ला ७६ आले तर ते कमावलेले नऊ सेकंद नाहीत, ते उधार आहेत आणि सहाशेव्या मीटरला सावकार उभा असतो.

आठवड्यात फक्त दोन दिवस जोरात. एक दिवस २०० मीटर सहा वेळा, ४२ सेकंदात, मधे दोन मिनिटं चालायचं. दुसऱ्या जोराच्या दिवशी ४०० मीटर तीन-चार वेळा, ८५ ला, मधे चार-पाच मिनिटं. बाईंनी चुन्याने २०० ची खूण केली होती आणि तिथे उभ्या राहून ओरडायच्या, "लवकर आलीस! मागे फिर!" उशिरा आले म्हणून त्या कधी ओरडल्या नाहीत. तीन दिवस कॅनॉलच्या मातीच्या रस्त्याने हळू, इतकं हळू की बडबडत पळता आलं पाहिजे. हे सगळ्यात अवघड गेलं. गावातली पोरं मागून येऊन पुढे जायची आणि वळून बघायची, एक म्हातारा तर म्हणाला ए पोरी, चालत गेलीस तर लवकर पोचशील. एक दिवस गोळा आणि उठाबशा, दगडाची पाटी उचलून पायऱ्या. आणि रविवारी काही नाही. काही नाही म्हणजे काहीच नाही, बाई घरी येऊन बघायच्या मी झोपलेय का.

झोपेचं पण तेच. अकॅडमीत अभ्यासिका अकरापर्यंत, साडेचारला शिट्टी, म्हणजे पाच तास. आता साडेनऊला आडवी, दुपारी अर्धा तास. लेखीचा अभ्यास कमी झाला ही मात्र खरी किंमत होती, ती मी पुढे मोजली.

फेब्रुवारीत ३:१२. ५ मार्चला फॉर्म सुटले, १७,४७१ जागा राज्यभरात, १५ एप्रिलपर्यंत मुदत. एप्रिल मधे ३:०१. मे महिन्यात सोलापूरकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको, सूर्य वर आला की मैदानावर थांबायची सोय नाही, घामाने शर्टावर मिठाचे नकाशे. मीठ टाकलेलं ताक तांब्या-तांब्याने. मे संपताना २:५६ आणि पळून झाल्यावर मी उभी होते, बाभळीकडे बघून हसले.

१९ जूनपासून ग्राउंड चालू झालं, म्हणजे भर पावसाळ्यात. शेवटचे दहा दिवस बाईंनी पळणं निम्म्यावर आणलं, मला वाटलं सगळं वाया जाणार. त्याच दिवसांत अकॅडमीच्या ग्रुपवर कुजबूज, एक जण इंजेक्शन देतो, ग्राउंडच्या दोन तास आधी घ्यायचं, दुखत नाही दम लागत नाही. दुसरा एकजण १८०० रुपयांची स्टॅमिना पावडर विकत होता, डब्यावर काय आहे ते लिहिलेलंच नाही. मला मोह झाला नाही असं नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुझं ९.४ घेऊन त्याच्याकडे गेली असतीस तर त्याने काय केलं असतं? इंजेक्शनच दिलं असतं." मग विचारायचंच बंद केलं.

आमची तारीख पावसाने एकदा पुढे गेली. मग रात्रीच जाऊन बसस्टँडवर पडलो, मी आणि आई, कारण पहाटे चारला रिपोर्टिंग होतं. प्रत्यक्षात पळायला मिळालं साडेनऊला. पाच तास ओल्या मैदानावर रांगेत, कागद, उंची, परत कागद. आईने दशम्या आणि गूळ दिला होता तो सहाला खाल्ला, आठला एक केळं, घोट घोट पाणी. ज्या मुली काही न खाता आल्या होत्या त्यातली एक रांगेतच बसली. पायाला चिप बांधली, नंबर छातीवर.

शिट्टी झाली आणि सगळ्या सुटल्या, चिखल माझ्या तोंडावर. दोनशेला मी मागून चौथी का पाचवी, आणि डोक्यात बाईंचा आवाज, लवकर आलीस मागे फिर. चारशेला पण मागेच. सहाशेच्या आसपास पुढच्या पोरींच्या पाठी जवळ यायला लागल्या, मी काही वेगळं केलं नव्हतं, त्याच थांबत होत्या. ती जागा मला ओळखीची होती, तिथे मी सहा महिने राहिलेय. पाय जळत होते, मांड्या दगड, पण छाती चालू होती. २:५३.

गोळा ओला, टॉवेलने पुसून पुसून टाकला, ५.६२ मीटर. १०० मीटर १५.४ सेकंद, तो माझा वीक पॉइंटच. ग्राउंडला ४० पडले आणि लेखीला नाव आलं. लेखीत तीन मार्काने गेले. अंकगणित. ती झोपेची किंमत म्हणाले ना, ती ही. बाई म्हणतात झोपेमुळे नाही, तू गणिताला आधीपासूनच घाबरतेस, आणि त्यांचं पण खरं असेल.

ग्राउंडच्या दिवशी बसस्टँडच्या जिन्यावर आई दोनदा थांबली होती. मी तेव्हा बघितलं पण डोक्यात २:५० चालू होतं. निकालानंतर तिला दवाखान्यात नेलं, नको नको म्हणत होती, मला काय कुठे पळायचंय. रिपोर्ट ८.६. आता घरात रात्री दोन गोळ्या फोडतो आणि एकाच लिंबाच्या दोन फोडी करतो. मी पुढच्या भरतीच्या तयारीला लागलेय, गणिताचा क्लास पण लावलाय. आई भाकरी आता चहात कुस्करत नाही, ताकात कुस्करते, आणि चार वाजले की घड्याळाकडे बघत बसते, चहा चढवू का गं म्हणून.